उत्तर: गोळ्या चालू आहेत, आवाज कमी झालेत, पण भाऊ उठतच नाही. आता पुढे काय?

ताई, तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं. भावाला स्किझोफ्रेनिया आहे, गोळ्या नियमित आहेत, कानात येणारे आवाज बरेच कमी झालेत आणि डॉक्टर म्हणतात तो आता स्थिर आहे. तरी दिवसचे दिवस तो खोलीतच असतो, अंघोळीलाही सांगावं लागतं. घरचे म्हणतात, पूर्ण बरा झाला की नोकरीचं बघू. औषधांपलीकडे कोणत्या सेवा असतात, त्यातली कोणती निवडायची आणि आईवडिलांनंतर त्याचं काय, हे तुम्हाला हवं आहे.

मी स्वतः शुभार्थी आहे, म्हणजे मानसिक आजारासह जगणारी. माझा आजार सायकोसिसचा, म्हणजे भास-संशयात वास्तवाशी नातं सुटण्याचा, आणि बरीच वर्षं मी एका आधारगटात इतर शुभार्थी आणि शुभंकरांबरोबर, म्हणजे त्यांची काळजी घेणाऱ्यांबरोबर, काम करते. त्या अनुभवावरून सगळ्यात आधी एवढंच सांगेन, की 'आधी बरा होऊ दे, मग बघू' हा क्रम सोडून द्या. आधार मिळायला लागला की माणूस सावरतो. सावरेपर्यंत आधार रोखून धरला तर वर्षं निघून जातात आणि खोलीचं दार आणखी घट्ट होतं.

तो पडून का राहतो, हे घरात सगळ्यांना नीट कळायला हवं. सध्याची औषधं आवाज, भास, संशय यांवर बऱ्यापैकी चालतात. पण काही करावंसं न वाटणं, बोलणं आटणं, चेहऱ्यावर काही न उमटणं, माणसांपासून दूर राहणं, यांवर त्यांचा परिणाम फार थोडा होतो. यांना निगेटिव्ह लक्षणं म्हणतात. शिवाय लक्ष टिकणं, आठवणीत राहणं, कामाचे टप्पे जुळवणं हेही अवघड होऊन बसतं. 'ऊठ, अंघोळ कर' हे तुमच्या लेखी एक काम असतं, त्याच्यासाठी मात्र ती दहा छोट्या कामांची रांग असते आणि पहिलं कुठलं हेच सुचत नाही. याला आळस म्हणू नका, त्याच्या माघारीसुद्धा. हो, डॉक्टरांना एक जरूर विचारा: यातला काही भाग गोळ्यांच्या गुंगीचा किंवा नैराश्याचा आहे का? तसं असेल तर मात्रा, वेळ किंवा औषध बदलता येतं. पण गोळ्या परस्पर कमी करू नका.

आता सेवांकडे वळू. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार 2006 साली मंजूर झाला आणि 2008 मध्ये लागू झाला. त्यात अपंगत्वाकडे बघण्याची पद्धत अशी आहे: माणसाची दीर्घकालीन अडचण आणि त्याच्या वाटेतले अडथळे, या दोन्हींच्या गाठीतून अपंगत्व तयार होतं. मनोसामाजिक अपंगत्वाला, म्हणजे मानसिक आजारातून येणाऱ्या अपंगत्वाला, हे तंतोतंत लागू पडतं. भावाची लक्षणं हा एक भाग झाला. कामाला घेताना होणारी टाळाटाळ, घर भाड्याने न मिळणं, प्रत्येक निर्णय दुसऱ्यानेच घेणं, हा दुसरा भाग. औषध पहिल्यावर काम करतं, आधारसेवेने दुसऱ्यावर करायचं असतं. त्याच कराराच्या 19व्या कलमात समाजात, आपल्या निवडीच्या ठिकाणी राहण्याचा हक्क आहे. 'बरा झाल्यावर' अशी अट त्यात कुठेही नाही.

नोकरीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण घरात अडलंय ते तिथेच. जुनी पद्धत अशी होती: आधी कार्यशाळेत बसवा, मेणबत्त्या-पाकिटं करायला शिकवा, तयार झाला असं वाटलं की मग खरं काम शोधा. बहुतेक जण त्या 'तयारी'तच अडकून पडत. 1990च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी हा क्रम उलटवला. त्यांच्या पद्धतीचं नाव इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट, म्हणजे आयपीएस. काम करायची इच्छा असेल तर माणूस पात्र. लक्षणं उरलीत, मधे दवाखान्यात होता, कधी नोकरी केलेली नाही, यातल्या कशावरूनही त्याला नाकारायचं नाही. त्याच्या आवडीचं, बाजारात सगळ्यांना मिळतं तसं, पगाराचं काम लगेच शोधायला लागायचं. रोजगार कार्यकर्ता उपचार करणाऱ्या गटातच बसतो, एकाकडे 20 पेक्षा जास्त माणसं देत नाहीत, आणि काम लागल्यावरही गरज असेपर्यंत तो सोबत राहतो. अनेक देशांत यादृच्छिक चाचण्या झाल्या, म्हणजे कोणाला कोणती पद्धत हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून तुलना केली. जुन्या पद्धतीच्या तुलनेत साधारण दुपटीने माणसं खऱ्या नोकरीला लागली. आठवड्यातले थोडेच तास, उशिरा सुरू होणारी पाळी, सूचना तोंडी न देता लिहून, शांत कोपरा, असे साधे बदल मागता येतात. गोळ्यांमुळे सकाळी जड वाटत असेल तर दुपारचं काम हा फार मोठा फरक ठरतो.

या सेवा देणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारा: कामाला लागल्यावर भावाचं अपंगत्वाचं अर्थसाहाय्य किंवा औषधांची सवलत बंद होईल का? ही भीती खरी असते आणि तिच्यापायी अनेक जण पाऊल उचलत नाहीत. चांगल्या सेवेत हा हिशेब आधी मांडून दाखवतात.

घराच्या बाबतीतही हेच घडलं. न्यूयॉर्कमध्ये 1992 साली सॅम त्सेम्बेरिस यांनी 'हाउसिंग फर्स्ट' सुरू केलं. रस्त्यावर राहणाऱ्या, गंभीर मानसिक आजार असलेल्या लोकांना आधी स्वतःचं घर द्यायचं, उपचार घ्यायची किंवा व्यसन सोडायची अट घालायची नाही आणि आधार देणारा गट घरी जाऊन भेटेल. कॅनडाने 2009 ते 2013 दरम्यान पाच शहरांत याची मोठी चाचणी घेतली. नेहमीच्या सेवांवर असलेल्यांपेक्षा या लोकांची घरं जास्त टिकली. तुमचा भाऊ घरात आहे, बेघर नाही, हे मला माहीत आहे. तरी आईवडिलांनंतरचा विचार करताना हे लक्षात ठेवा: 'एकटा राहू शकत नाही, म्हणून संस्थेत' हा एकच रस्ता नसतो. स्वतःचं घर आणि घरी येणारा आधार, हाही रस्ता आहे.

क्लबहाउसबद्दल, म्हणजे मानसिक आजार असलेल्यांनी मिळून चालवायच्या दिवसभराच्या केंद्राबद्दल, ऐकलं असेल. न्यूयॉर्कचं फाउंटन हाउस 1948 सालचं. राज्याच्या मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्या लोकांनी एकमेकांना धरून राहण्यासाठी जमवलेल्या गटातून ते उभं राहिलं. तिथे येणारा सदस्य असतो, रुग्ण नव्हे. स्वयंपाक, हिशेब, फोन, स्वागत ही सगळी कामं सदस्य आणि कर्मचारी मिळून करतात आणि तो आला नाही तर त्याची उणीव खरोखर भासते. दिवसाला आकार देण्यासाठी हे उत्तम. सगळ्यांना मानवतं असं नाही. गर्दी सोसत नसेल तर आग्रह करू नका.

गर्दी नको असणाऱ्यासाठी मी अशा कार्यकर्त्याची भेट सुचवेन, ज्याने हा आजार स्वतः अनुभवलाय. एकच माणूस, अर्धा तास, घरी नाहीतर बाहेर चालता चालता. आवाज ऐकू येणाऱ्यांचे स्वमदत गटही असतात. नेदरलँड्समध्ये 1987 च्या सुमारास मारियुस रोमे आणि सँड्रा एशर यांच्या कामातून ही चळवळ सुरू झाली. आवाज काय म्हणतात, केव्हा वाढतात, त्यांच्यासोबत दिवस कसा काढायचा, यावर तिथे न घाबरता बोलता येतं. मला पहिल्यांदा मोकळा श्वास मिळाला तो अशाच एका गटात. समोरच्याने सल्ला दिला नाही, फक्त 'मलाही' म्हणाला.

आता निर्णयांबद्दल. भावासाठी तुम्ही हे सगळं शोधताय ही माया आहे, पण शोधताना तो खोलीत आणि तुम्ही सगळे बाहेर असं होऊ देऊ नका. संयुक्त राष्ट्रांच्या त्याच करारातलं 12वं कलम सांगतं, की अपंग व्यक्तीलाही कायद्यापुढे बरोबरीचं स्थान आहे आणि निर्णय घ्यायला लागेल तो आधार तिला द्यायचा. स्वीडनमध्ये यासाठी 'पर्सनल ओम्बुड', म्हणजे त्या व्यक्तीचा स्वतःचा प्रतिनिधी असतो आणि 2000 पासून ही सेवा देशाच्या बऱ्याच भागांत आहे. तो फक्त त्या व्यक्तीचं ऐकतो. घरच्यांचं नाही, दवाखान्याचं नाही, सरकारी कार्यालयाचंही नाही. विश्वास बसायला महिने गेले तरी तो थांबतो. अशी सेवा तुमच्याजवळ नसली तरी तत्त्व उचलता येतं: भावाला ज्याचा विश्वास वाटतो असा एक माणूस त्यानेच निवडावा आणि डॉक्टरांच्या भेटीत, बँकेत, अर्ज भरताना तो सोबत असावा.

संकटकाळाची लेखी योजना मात्र आत्ताच करा, तो स्थिर असताना. आजार उसळायच्या आधी त्याच्यात काय बदलतं? झोप उडते, फोन बंद ठेवतो, जेवणाबद्दल संशय घेतो, जे असेल ते त्याच्या शब्दांत लिहा. तेव्हा कोणाला बोलवायचं, कोणाला अजिबात नाही, कोणतं औषध पूर्वी लागू पडलं, कशाने त्रास झाला, दाखल व्हावंच लागलं तर कुठे, त्याचे पैसे आणि कागद कोण सांभाळेल, हे सगळं त्यात यावं. अनेक देशांच्या कायद्यात याला आगाऊ सूचनापत्र म्हणून मान्यता आहे. तुमच्याकडची पद्धत विचारून ते रीतसर करून घ्या. एक प्रत डॉक्टरांकडे, एक त्याच्याजवळ.

सेवा पारखताना मी काय बघते? पहिल्या भेटीत ते कोणाशी बोलतात. सगळे प्रश्न तुम्हालाच विचारले आणि तो भिंतीकडे बघत बसला, तर तिथे पुन्हा जाऊ नका. 'तुला काय हवंय?' असं विचारून उत्तरासाठी थांबले, तर आशा आहे. माणसं वरचेवर बदलतात का, तो भेटायला तयार नसेल त्या आठवड्यात काय करतात, तक्रार कोणाकडे करायची, हेही विचारा. जिथे दार बाहेरून बंद असतं, फोन काढून घेतात, घरच्यांना महिनाभर भेटू देत नाहीत आणि 'शिस्त लागेल' म्हणतात, तिथे कितीही थकला असलात तरी त्याला ठेवू नका.

शरीराकडे दुर्लक्ष नको. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षं आधी जातात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यातले बरेच मृत्यू हृदयविकारासारख्या, टाळता येण्याजोग्या आजारांनी होतात. वजन, साखर, चरबी, रक्तदाब, दात यांची तपासणी ठरलेल्या वेळी व्हायला हवी. आधार कार्यकर्त्याच्या कामातच हे बसवून घ्या.

आणि तुम्ही. सततची टीका किंवा सततची अतिकाळजी असलेल्या घरात आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं, हे 1960च्या दशकापासून संशोधनात दिसत आलंय. यात घरच्यांना दोष द्यायचा नाही. थकलेलं घर असंच बोलतं. म्हणून कुटुंबासाठीचं प्रशिक्षण आणि शुभंकरांचा गट हीसुद्धा आधारसेवाच समजा, भावाच्या सेवेइतकीच गरजेची. आईवडिलांना आठवड्यातून काही तास पूर्ण मोकळे मिळायला हवेत.

आईवडिलांनंतरची सोय ते असतानाच लागू करून बघा. बाहेरचा कार्यकर्ता आत्ताच घरी येऊ दे, पैशांचे छोटे व्यवहार भाऊ करू दे, एखादी रात्र त्याला आधारासह स्वतंत्र राहून बघू दे. तो पडला-अडखळला तर सावरायला तेव्हा सगळे हाताशी असतील.

सुरुवात एकाच गोष्टीने करा आणि ती त्याला निवडू दे. कार्यकर्त्याची भेट, कामाचा शोध, की नुसतं कोणाबरोबर तरी बाहेर चालणं? नाही म्हणाला तर पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा, त्याच आवाजात. हे उत्तर त्याला वाचायला द्यायचं असेल तर जरूर द्या. त्याला काही विचारायचं असेल तर त्यानेच विचारावं, मी त्यालाच लिहीन.