वही परत द्या, आणि फिजिक्स सोडू देऊ नका

पत्र : माझी मुलगी अकरावी सायन्स पास झाली. फिजिक्स ५४, केमिस्ट्री ४८, मॅथ्स ४१. एमएचटी-सीईटीचा क्लास लावला आहे. पण गेलं वर्षभर ती एका वहीत सिनेमांबद्दल काहीतरी लिहीत बसते. आता म्हणते, मला डायरेक्टर व्हायचंय, सायन्स सोडून आर्ट्सला जाते, सिनेमाला फिजिक्स कुठे लागतं? माझ्या मोठ्या भावाची दोन्ही मुलं इंजिनिअर आहेत. ती लिहीत असतानाच मी वही काढून घेतली आणि कपाटात कुलपात ठेवली. पहिल्या चाचणीत ८० टक्के आणलेस तर परत देईन, असं सांगितलंय. तीन आठवडे मी तिच्याशी बोलत नाही. आता ती शांत झाली आहे, उलट उत्तर देत नाही. ती वेळ कसा घालवते ते कळावं म्हणून वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवत आहे. तिला दोन शब्द समजावून सांगा. – एक वडील, नाशिकरोड

सप्रेम नमस्कार.

दोन शब्द सांगायचे आहेत, पण आधी तुम्हाला.

तुमच्या पत्रात गुण तीन विषयांचे आहेत, पण मला काळजी वाटली ती 'आता ती शांत झाली आहे' या वाक्याची. तुम्ही ते सुधारणा झाल्यासारखं लिहिलंय. सतरा वर्षांची मुलगी वाद घालत होती, तेव्हा तिला वाटत होतं की बाबा ऐकतील. आता ती वाद घालत नाही. तुमचं म्हणणं तिला पटलं असतं तर तिने तुम्हाला काही विचारलं असतं, क्लासमधलं काही सांगितलं असतं. असं काही पत्रात नाही. तीन आठवडे अबोला धरणं ही मोठ्या माणसालाही न झेपणारी शिक्षा आहे, आणि तिचा गुन्हा काय, तर वहीत लिहिणं.

वही परत मिळण्यासाठी ८० टक्क्यांची अट घातलीत. मॅथ्सला ४१ मिळालेल्या मुलीला पहिल्याच चाचणीत ८० आणा म्हणणं म्हणजे वही मिळणार नाही असंच सांगणं, आणि हे तिला तुमच्याआधी कळलं असणार. भावाच्या मुलांचा उल्लेख तिच्यासमोर होत असेल तर तो आजपासून बंद करा. ती मुलं हुशार आहेत, चांगलं झालं. त्यांचा या प्रश्नाशी संबंध नाही. तिची झोप, जेवण, मैत्रिणींशी बोलणं कमी झालंय का, हे तिच्या आईला विचारा. झालं असेल तर चाचणीची वाट न पाहता समुपदेशकाकडे जा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

आता ती दोन पानं. वेळ वाया जातोय याचा पुरावा म्हणून तुम्ही ती पाठवलीत. मी ती चार वेळा वाचली. तिने पट्टीने तीन रकाने आखलेत : 'आवाज कुठून येतो', 'दिसतो का', 'कधी थांबतो'. 'द लंचबॉक्स'समोर लिहिलंय : 'वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी एकदाही दिसत नाहीत. फक्त आवाज. तरी घरात दोघी आहेत असं वाटतं.' 'फँड्री'समोर : 'राष्ट्रगीत शाळेतून येतं. डुक्कर हाताशी आलंय, पण सगळे ताठ उभे. दृश्य आवाजाने थांबवलं.' 'कोर्ट'समोर : 'साक्षीदार बोलतो ते वाक्य आणि न्यायाधीश टायपिस्टला सांगतात ते वाक्य, दोन्ही ऐकू येतात.' आणि 'सैराट'च्या शेवटासमोर : 'आवाजच नाही. आमच्या हॉलमधलं घड्याळ ऐकू आलं.'

साहेब, हे डायरेक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीचं टिपण नाही. दोन्ही पानांवर कॅमेऱ्याबद्दल, कपड्यांबद्दल, नट-नट्यांबद्दल एक ओळ नाही. तिचे कान सिनेमा बघतात. तिला 'डायरेक्टर' हा शब्द माहीत आहे म्हणून ती तो म्हणते. सिनेमात आवाजाचं वेगळं खातं असतं, त्याचं वेगळं शिक्षण असतं, हे तिला कुणी सांगितलेलंच नसावं. तुमच्या घरातला वाद इंजिनिअरिंग की आर्ट्स असा आहे. माझं उत्तर दोन्हीला नाही. तिला साउंडकडे वळवा.

आणि इथेच तुमच्या घरातला सगळ्यात मोठा गैरसमज येतो, तो तिचा आहे : सिनेमाला फिजिक्स लागत नाही. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया), १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालेल्या संस्थेत, ध्वनी शाखेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यासाठी कुठल्याही विषयातली पदवी चालते, पण बारावीला फिजिक्स असण्याची अट राहिलेली आहे. (ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, क्लासवाल्यांच्या सांगण्यावर जाऊ नका.) आज रागाच्या भरात आर्ट्सला गेली तर चार वर्षांनी नेमकं तेच दार बंद मिळेल. अट कागदापुरतीही नाही. अकरावीच्या पुस्तकात 'साउंड' हा धडा झाला, बारावीत 'ऑसिलेशन्स' आणि 'सुपरपोझिशन ऑफ वेव्ह्ज' येतील. एकाच माणसाचा आवाज दोन माइकवर घेतला आणि तोंडापासूनच्या त्यांच्या अंतरात ३४ सेंटीमीटरचा फरक पडला, तर दोन्ही ट्रॅक एकत्र केल्यावर ५०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज स्वतःलाच खातो. माणूस पाइपातून बोलतोय असं वाटतं. कारण आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे ५०० हर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण ६८ सेंटीमीटर, आणि त्याचं अर्धं ३४; एका लाटेचा माथा दुसरीच्या खळग्यावर येतो आणि दोन्ही मिटतात. हे सुपरपोझिशनचं गणित आहे. सेटवर ज्याला ते येत नाही तो दिवसभराचं काम घालवून बसतो आणि बिघडलं कशामुळे हेही त्याला कळत नाही. तेव्हा तुम्ही आर्ट्सला नाही म्हणालात ते योग्यच, फक्त कारण चुकलं.

सिनेमावाल्यांनी कुठे शिक्षण घेतलंय, असंही ती म्हणत असेल, तर त्यालाही आधार नाही. 'सैराट'चे नागराज मंजुळे पुणे विद्यापीठातून मराठीत एम.ए. झाले आणि अहमदनगरच्या कॉलेजात कम्युनिकेशन स्टडीज शिकले. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळकेही १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'आधी जे.जे., बडोद्याचं कलाभवन, फोटोग्राफी आणि छपाई या सगळ्यातून गेले होते.

तुम्हाला पोटापाण्याची काळजी आहे आणि ती रास्त आहे. म्हणून गेल्या दशकातल्या सिनेमांनी या कामाचं काय केलं ते जरा सविस्तर सांगते. 'सैराट'ने २०१६ साली काय बदललं असं विचारलं की लोक शंभर कोटींचा आकडा सांगतात. आवाजाच्या बाजूने बघितलं तर वेगळंच दिसतं. 'फँड्री'तला सोमनाथ अवघडे, 'सैराट'मधली अकलूजची रिंकू राजगुरू, अशी कधी कॅमेऱ्यासमोर न आलेली मुलं स्वतःच्या बोलीत बोलू लागली आणि पुढे अनेकांनी तीच वाट धरली. मुरलेला नट चार महिन्यांनी बंद खोलीत, पडद्यावरच्या स्वतःच्या ओठांकडे बघत तेच वाक्य पुन्हा म्हणू शकतो. नवख्या मुलाला ते जमत नाही. धाप परत येत नाही, बोली पुस्तकी होते. म्हणून अशा सिनेमात जागेवर टिपलेला आवाज जपावा लागतो. पूर्वी शूटिंगवर घेतलेला आवाज बऱ्याचदा नुसता पायलट ट्रॅक असायचा, डबिंगवाल्याला अंदाज यावा एवढ्यापुरता. मागे जनरेटर धडधडला तरी कुणाचं बिघडत नव्हतं. आता तो टिपणारा माणूस महत्त्वाचा झाला.

मग २०१५ आणि २०१७चे 'बाहुबली'चे दोन भाग. एक सिनेमा चार भाषांत चालतो हे सगळ्यांनी पाहिलं. पण भाषा बदलायची तर मूळ संवाद काढावे लागतात, आणि संवादाबरोबर त्याच माइकवर आलेली पावलं, बांगड्या, दाराची कडी हेही निघून जातं. ते सगळं नव्याने करावं लागतं. त्याला फोली म्हणतात : स्टुडिओत पडद्याकडे बघत कुणीतरी खडीवर चालतं, साडी चुरगाळतं, भांडं ठेवतं. जितक्या भाषा, तितकी या ट्रॅकची गरज. जानेवारी २०१६मध्ये नेटफ्लिक्स भारतात आलं आणि कामाला मोजमाप लागलं. त्यांच्याकडे संवादाची सरासरी पातळी उणे २७ एलकेएफएस (आवाज कानाला किती मोठा लागतो ते मोजायचं एकक), दोन अंक इकडे-तिकडे, अशी ठरलेली आहे. बाहेर गेलं की फाइल परत. 'कानाला बरं वाटतंय' एवढ्यावर भागत नाही.

म्हणजे लोकेशन रेकॉर्डिस्ट, बूम (लांब दांडीवरचा माइक) धरणारा, डायलॉग एडिटर, फोली आर्टिस्ट, मिक्सिंग इंजिनिअर ही सगळी वेगवेगळी कामं आहेत. पण भलतं स्वप्न दाखवत नाही. पगारी नोकरी क्वचित, बहुतेकांचं काम प्रोजेक्टवर. मुंबईत बारा तासांची शिफ्ट असते आणि पैसे महिनेच्या महिने अडकतात. मुली अजून कमी आहेत; रात्रीच्या शिफ्टनंतर घरी सोडायची गाडी आधी ठरवून घ्यावी लागते. सुरुवातीची दोन-तीन वर्षं घरून मदत लागेल, ती किती देता येईल ते आत्ताच हिशेब करून तिला सांगा.

रस्ता असा. बारावी सायन्स पुरी करायची, फिजिक्सकडे लक्ष द्यायचं. जेईई आणि सीईटी द्यायचीच असेल तर द्या, त्यावर मी अधिक बोलत नाही. नंतर बी.एस्सी., फिजिक्स घेऊन. एचपीटी-आरवायके आणि केटीएचएम नाशिकमध्येच आहेत. त्या तीन वर्षांत कान आणि हात तयार करायचे, मग एफटीआयआय आणि कोलकात्याची सत्यजित राय संस्था या दोन्हींच्या प्रवेशपरीक्षा. जागा मोजक्या आहेत, पहिल्या फेरीत होईलच असं नाही. लाखो रुपये घेणारे खासगी डिप्लोमे घाईने भरू नका. भरण्याआधी विचारा : एका विद्यार्थ्याच्या हातात माइक आठवड्याला किती तास असतो? गेल्या वर्षीच्या मुलांनी मिक्स केलेली एक फिल्म दाखवाल का? उत्तराऐवजी इमारत दाखवली तर उठून या.

इथून पुढचं तिला वाचायला द्या.

बाळ, महाग काही मागू नकोस. फोनवर वेव्ह फाइल देणारं रेकॉर्डिंग ॲप घे, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट असं लाव. चित्रपटाचं काम त्यातच चालतं. पैसे खर्चायचेच तर कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनवर खर्च. एडिटिंगला ऑडॅसिटी फुकट आहे. फोनमधला आवाज आपोआप कमी-जास्त करण्याचा पर्याय बंद कर. नाहीतर आई बोलायची थांबली की फोन पातळी स्वतःच वाढवतो आणि मागचा पंखा उसळून वर येतो.

पहिल्या रविवारी घरातली शांतता टिप. पंखा बंद, फ्रीज बंद, एक मिनिट. याला रूम टोन म्हणतात. दोन वाक्यांमधली भोकं बुजवायला तोच लागतो, दुसऱ्या खोलीचा चालत नाही. फ्रीज पुन्हा लावायला लोक विसरतात, म्हणून या धंद्यातली माणसं गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवतात, म्हणजे किल्ली घेताना आठवतंच. मग आईला एकच वाक्य एकाच आवाजात बोलायला सांग, फोन ३० सेंटीमीटरवर, मग ६०, १२०, २४० वर. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की पातळी ६ डेसिबलने उतरते. खोलीत एका टप्प्यानंतर ती उतरायची थांबते, कारण भिंतींवरून परत आलेला आवाज सरळ आवाजापेक्षा मोठा होतो. तो टप्पा तुझ्या हॉलमध्ये किती फुटांवर येतो ते लिहून ठेव. माइक जवळ का न्यायचा ते तिथे कळेल.

नंतर ढोलपथकाचा सराव गाठ. नाशिक ढोल फोनवर जवळून घेतलास तर लाटेचे माथे कापल्यासारखे सपाट दिसतील. डिजिटलमध्ये शून्य डेसिबल ही कमाल पातळी, तिच्या वर गेलेलं कुठल्याच सॉफ्टवेअरने नीट परत येत नाही. मागे सरक, सगळ्यात मोठा ठोका उणे ६ डेसिबलच्या खाली राहील अशी जागा शोध. मग सकाळी गोदाघाटावर जा आणि चित्राशिवाय दोन मिनिटांचा तुकडा कर, ऐकणाऱ्याला रामकुंड कळलं पाहिजे. निवेदन नाही, गाणं नाही. हा तुकडा जपून ठेव, पुढे मुलाखतीत गुणपत्रिकेइतकाच कामाला येईल. डायरेक्टर व्हायची इच्छा तेव्हाही उरली तर ती मोडायला कुणी येणार नाही.

बाबा, वही आजच द्या, चाचणीची वाट पाहू नका, आणि देताना काही समजावू नका. तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या फोटोत शेवटची ओळ अर्धी आहे : 'तुंबाड – पाऊस सगळीकडे, पण वाड्याच्या आत गेल्यावर तो'. पुढे पेनाची रेघ ओढली गेली आहे. वही तिच्या हातात दिल्यावर, ते पुढे काय होतं, एवढंच विचारा.