खपवून घेणे, पांघरूण घालणे आणि छप्पर

प्रश्न असा आला आहे: “‘पापाचा द्वेष करा, पाप्यावर प्रेम करा’ हे वचन बायबलमध्ये नेमके कुठे आहे? आणि ‘प्रीती सर्व काही सहन करते’ म्हणजे ‘सर्व काही खपवून घेते’ असे समजायचे का? जवळच्या माणसाचा एखादा निर्णय मुळीच पटत नसेल, तर ख्रिस्ती माणसाने त्याला ‘स्वीकारायचे’ म्हणजे काय करायचे?”

पहिला भाग चटकन निकालात काढू. हे वचन बायबलमध्ये कुठेही नाही. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत शोधा, सापडणार नाही. त्याच्या सर्वांत जवळ जाणारे शब्द ख्रिस्ती धर्माचार्य ऑगस्टीनच्या २११ व्या पत्रात आहेत. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने ते एका मठातल्या जोगिणींना लिहिले. तिथले लॅटिन शब्द ‘माणसांवर प्रेम आणि दोषांचा द्वेष’ असे आहेत. ‘दोष’ आणि ‘माणसे’, ‘पाप’ आणि ‘पापी’ नव्हे. आज सगळीकडे फिरणारे सुटसुटीत रूप गांधीजींच्या आत्मकथेमुळे घरोघरी पोहोचले. त्यांनी लगेच पुढे हेही म्हटले आहे की हे समजायला सोपे असले तरी आचरणात क्वचितच येते. ते पुढचे वाक्य कुणी उद्धृत करत नाही.

ऑगस्टीनचे शब्द या रूपाहून बरे आहेत, कारण ‘पाप्यावर प्रेम करा’ म्हणताना समोरच्याच्या कपाळावर आधी पाटी चिकटवली जाते आणि मग मिठी मारली जाते. बोलणारा जणू पाप्यांच्या यादीबाहेरचाच. नव्या करारातली अनेक पत्रे लिहिणारा प्रेषित पौल मात्र तीमथ्याला लिहिताना त्या यादीत स्वतःचे नाव सर्वांत वर घालतो (तीमथ्याला पहिले पत्र, म्हणजे १ तीम., १:१५).

आता ‘खपवून घेणे’. हा शब्द ‘सहन करणे’ याला पर्याय म्हणून सर्रास वापरला जातो आणि दर वेळी कानाला खुपतो. माल खपतो, माणूस राबून खपतो, सैनिक लढाईत खपतात. तिन्हीकडे काहीतरी संपून जाते. ‘खपवून घेतले’ म्हणजे प्रकरण संपले, हिशेबातून गेले. उलट ‘सहन’ ज्या ‘सह्’ धातूवरून आला त्याचा वैदिक अर्थच मुळी वरचढ ठरणे, पेलणे. ‘सहस्’ म्हणजे बळ, ‘साहस’ त्याच घरातले. जर्मनमधला विजयवाचक ‘सीग’ आणि ग्रीकमधला ‘एखो’, म्हणजे धरतो, हे त्याचे दूरचे भाऊ. इफिसकरांस पत्रात ‘एकमेकांना प्रीतीने सांभाळून घ्या’ या अर्थाचे जे सांगितले आहे (४:२), त्या ग्रीक क्रियापदाच्या पोटात हाच ‘एखो’ बसला आहे. म्हणजे मराठीतले ‘सहन’ आणि पत्रातला मूळ शब्द एकाच धातूचे निघाले! सहन करणाऱ्याच्या हातात ओझे असते. खपवून घेणाऱ्याच्या हातात काही उरत नाही, मतभेदसुद्धा नाही.

पण खरी गंमत करिंथकरांस पहिल्या पत्रात, १ करिंथ १३:७ मध्ये आहे, आणि प्रश्नातले वाक्य तिथलेच. ‘ती सर्व काही सहन करते’ यातला ग्रीक शब्द ‘स्तेगेइ’. हा शब्द ‘एखो’च्या कुळातला नाहीच. ‘स्तेगे’ म्हणजे छप्पर. ‘स्तेगो’ म्हणजे छप्पर होणे, झाकणे, पाणी आत येऊ न देणे. होडीचा तळ पाणी अडवतो तेव्हा हेच क्रियापद, जुन्या ग्रीक नाटकात बुरूज शत्रूचा भाला थोपवतो तेव्हाही हेच. शुभवर्तमानांत छपरे दोनदा ठळकपणे येतात. रोमी शताधिपती येशूला सांगतो की आपण माझ्या छपराखाली यावे अशी माझी योग्यता नाही (मत्तय ८:८), तिथे ‘स्तेगे’. आणि पक्षाघाती मित्राला खाली सोडण्यासाठी लोक घराचे छप्पर उचकटतात (मार्क २:४), तिथे मूळ ग्रीकमध्ये अक्षरशः ‘छप्पर अछप्पर केले’ अशी शब्दयोजना आहे. पाठीवर कौलांसारखे पत्रे असलेल्या त्या अजस्र प्राण्याला १८७७ साली ‘स्टेगोसॉरस’ नाव पडले तेही यावरूनच: छपराचा सरडा.

या धातूची नातलग मंडळी मोजू लागलो तर दिवस पुरणार नाही. लॅटिनमधला ‘तेगेरे’, झाकणे. त्यावरून छपराची टाइल. त्यावरून प्रोटेक्शन, म्हणजे पुढे होऊन झाकणे. त्यावरून डिटेक्टिव्ह, म्हणजे झाकण काढणारा. जहाजाचा डेक जर्मॅनिक शाखेतून आला, पण मूळ तेच. आणि संस्कृतात? संस्कृतात ‘स्थग्’, झाकणे. बैठक ‘स्थगित’ होते ती मुळात झाकली जाते. ‘स्थगी’ म्हणजे झाकणाचा पानडबा. आणि ‘स्थग’ म्हणजे लबाड, झाकून ठेवणारा, ज्यावरून आपला ‘ठग’!

ही शेवटची पायरी सगळ्यांना मान्य नाही. काहींच्या मते ‘ठग’ हा देशी शब्द आहे, संस्कृत रूप त्यावरून मागाहून घडवले. ‘स्थग्’मधल्या ‘थ’चा हिशेब ग्रीक ‘त’शी लागत नाही, अशीही हरकत आहे. हरकतीत दम आहे. पण अर्थाची जुळणी इतकी चपखल बसते की केवळ एका महाप्राणासाठी हे नाते तोडणे जिवावर येते. एकाच झाकण्यातून दोन पोरे निघाली: एक छप्पर, दुसरा ठग. छपराखालच्या माणसाला आपण झाकलेले आहोत हे ठाऊक असते. ठगाच्या हाती सापडलेल्याला काय झाकले आहे याचा पत्ता नसतो.

प्रश्नाचे उत्तर मला इथेच सापडते. मतभेद असलेल्या माणसाशी गोड वागून मतभेद दडवणे हे ठगाचे झाकणे. मतभेद त्याला ठाऊक असताना त्याच्यावरचा पाऊस अडवणे हे छपराचे.

कोशकारांचा इथे विरोध आहे. हे क्रियापद नव्या करारात चारदाच येते, चारही वेळा पौलाच्या पत्रांत. १ थेस्सल ३:१ आणि ३:५ मध्ये अर्थ उघडच ‘आणखी दम धरवेना’ असा आहे. १ करिंथ ९:१२ मध्येही ‘आम्ही सर्व सोसतो’ असाच. तेव्हा तीन विरुद्ध एक, १३:७ मध्येही ‘सोसते’च घ्या, असे सांगितले जाते. मतमोजणी ठीक आहे, पण त्याच ओळीचे शेवटचे क्रियापद कुणी पाहत नाही. ते आहे ‘हुपोमेनेइ’, ओझ्याखाली टिकून राहते. ‘स्तेगेइ’चाही अर्थ सोसणेच असेल, तर पौलाने चार क्रियापदांच्या ओळीत पहिले आणि चौथे सारखेच घातले असे म्हणावे लागेल. इतका ढिसाळ लेखक तो नव्हे. लॅटिन भाषांतराने ‘सोसते’ घेतले आणि पुढच्या बहुतेकांनी तीच वाट धरली. काही आधुनिक आवृत्त्यांनी मात्र ‘रक्षण करते’ असे केले आहे. ते उचित आहे.

आता कुणी म्हणेल, झाकणे म्हणजे पांघरूण घालणेच की. मराठीत झाकण्याचे वाक्प्रचार मुबलक आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘पांघरूण घालणे’मध्ये कृत्य लपते. ‘पाठीशी घालणे’मध्ये करणारा लपतो, आणि ज्याचे नुकसान झाले तो उघड्यावर राहतो. ‘पोटात घालणे’ म्हणजे अपराध झाला हे मान्य करून माफ करणे. ‘स्तेगेइ’ यापैकी पहिल्या दोहोंत बसू शकत नाही, कारण त्याच्या लगेच आधीचे वचन, १३:६, सांगते की प्रीती अनीतीत आनंद मानत नाही, सत्यासंबंधी आनंद मानते. मारहाण करणाऱ्याला किंवा पैसे खाणाऱ्याला ‘प्रीती झाकते’ म्हणून वाचवणारे लोक सहावे वचन गाळून सातव्यावर उडी मारतात. ज्याच्यामुळे कुणाला इजा होते त्याचे कृत्य दडवले, तर पाऊस इजा झालेल्यावर पडतो. ते छप्पर नव्हे.

‘स्वीकारणे’बद्दल थोडक्यात, कारण या शब्दाने आजकाल फार कामे अंगावर घेतली आहेत. ‘त्याला स्वीकारले’ आणि ‘त्याचा निर्णय स्वीकारला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्म बदलले की अर्थ बदलतो. नुसते ‘स्वीकार करा’ म्हणून कर्म गाळले की भांडण सुरू. एक जण माणूस समजतो, दुसरा निर्णय. रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायात मांस खावे की नुसता भाजीपाला, अमुक दिवस पाळावा की नाही, यावर तट पडले होते. तिथे पौल जे क्रियापद वापरतो त्याचा शब्दशः अर्थ ‘आपल्याकडे घ्या’. चोख मराठी ‘जवळ करा’. जवळ माणसाला करतात. निर्णयाला कुणी जवळ करत नाही. म्हणून हा शब्द ‘स्वीकार’पेक्षा सुरक्षित.

याचा नमुना मार्क १०:२१-२२ मध्ये आहे. श्रीमंत माणूस येतो. येशूने त्याच्याकडे पाहिले, त्याच्यावर प्रीती केली, असे लिहून लगेच पुढे त्याला सर्वांत जड जाणारी गोष्ट एकदाच, स्पष्ट सांगितलेली आहे. माणूस खिन्न होऊन निघून जातो. येशू अट खाली आणत नाही, त्याच्या मागे धावत नाही, पाठमोऱ्या माणसाला टोमणाही मारत नाही. इथले क्रियापद ‘अगापाओ’. ‘अगापे म्हणजे केवळ दैवी, निःस्वार्थ प्रेम’ असे व्याख्यानांतून छातीठोकपणे सांगितले जाते. सांगणाऱ्यांनी जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात २ शमुवेल १३ उघडावा. अम्नोनाची सावत्र बहीण तामारेवरची वासना तिथे याच शब्दाने सांगितली आहे. देमास पौलाला सोडून जगाच्या प्रेमात पडतो तेही ‘अगापाओ’च (२ तीम. ४:१०). मोठेपण शब्दात नाही, कर्त्यात आणि कृतीत आहे.

‘दोष काढू नका’ (मत्तय ७:१) हे वचन ढालीसारखे पुढे करणाऱ्यांनी योहान ७:२४ही वाचावे. तिथे ‘तोंड पाहून न्याय करू नका तर यथार्थ न्याय करा’ असे आहे, आणि ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच क्रियापद, ‘क्रिनो’, म्हणजे निवडणे, वेगळे करणे. मराठीत एकदा ‘दोष काढणे’ आणि एकदा ‘न्याय करणे’ झाल्यामुळे दोन्ही वचने परस्परांना ओळखेनाशी झाली. निवडणे बंद नाही. निवडून फेकून देणे बंद आहे.

मग प्रत्यक्षात कसे करायचे? मत्तय १८:१५-१७ मध्ये पायऱ्या आहेत: आधी दोघेच एकांतात, मग एक-दोन जण बरोबर घेऊन, मग मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या समुदायापुढे. हे मंडळीतल्या भावाच्या अपराधाबद्दल आहे. मंडळीबाहेरच्यांचा न्याय करणे आपले काम नाही, हे पौलाने १ करिंथ ५:१२ मध्ये बजावले आहे. बहुतेक वेळा पहिली पायरीच गाळली जाते. एकांतात बोलण्याआधी प्रार्थनेच्या बैठकीत ‘त्याच्यासाठी जरा प्रार्थना करा हं, त्याने असं असं केलंय’ असे सांगितले जाते. मित्राला आत उतरवण्यासाठी छप्पर उचकटणारे वेगळे आणि शेजाऱ्यांना आत डोकावता यावे म्हणून उचकटणारे वेगळे. दुसरी चूक, बोलून झाल्यावरही दर भेटीत तोच विषय काढणे. ‘तुझा हा निर्णय मला पटलेला नाही, आणि तू येणं थांबवू नकोस’ ही दोन वाक्ये एका दमात, एकदाच म्हणावीत. मध्ये ‘पण’ घातला की ऐकणारा पहिले वाक्य विसरून ‘पण’नंतरचे धरतो, किंवा उलट. म्हणून ‘आणि’. शेवटच्या पायरीवर ‘तो तुला जकातदारासारखा होवो’ असे आहे, आणि ते संबंध तोडण्याचे फर्मान म्हणून वाचले जाते. जकातदार म्हणजे रोमी सत्तेसाठी कर गोळा करणारे, लोकांनी दूर ठेवलेले. त्यांच्याशी येशू कसा वागला? त्यांच्या पंक्तीला बसला. ज्याच्या नावावर हे शुभवर्तमान आहे तो मत्तयही जकातदारच.

गलती ६:१ मध्ये अपराधात सापडलेल्याला सौम्य वृत्तीने ‘ताळ्यावर आणा’ असे मराठी भाषांतर आहे. ‘ताळ्यावर आणणे’ म्हटले की हातात छडी दिसते, मग ‘सौम्य’ची पंचाईत होते. मूळ क्रियापद मार्क १:१९ मध्ये कोळी जाळी नीट करतात त्यासाठी आले आहे. अर्थात मराठी शब्दाच्या बाजूनेही बोलता येईल. ताळा म्हणजे गणिताची पडताळणी. ताळा जुळला नाही तर चुकलेला आकडा शोधतात, वही फाडत नाहीत.

राहिला मूळ शब्द. १३:७ मध्ये ‘सहन करते’च्या जागी काय लिहावे? त्या ओळीत ग्रीकमध्ये चारही क्रियापदांआधी ‘सर्व काही’ हा एकच शब्द चार ठोक्यांसारखा येतो. मराठीत तो ठोका शेवटी आणता येतो: छत्र धरते, भरवसा धरते, आशा धरते, धीर धरते. ‘छत्र’ला राजाच्या डोक्यावरचा थोडा वास आहे, हे खरे. तो नको असेल तर ‘आडोसा धरते’.