कार वॉशमधला हवेवर चालणारा शाम्पूचा पंप पावसाळ्यात अडकतो. पाणी कसं रोखायचं?

पंपाला दोष देऊ नका, दोष हवेतल्या पाण्याचा आहे. पुण्यात जून ते सप्टेंबर हवा दमट. कॉम्प्रेसरमधून गरम निघालेली हवा लाइनमध्ये थंड झाली की पाणी सुटतं, ते एअर व्हॉल्व्हमधलं ग्रीस धुऊन नेतं आणि स्पूल (व्हॉल्व्हमधली सरकणारी दांडी) अडकतो. पंपाच्या सायलेन्सरमधून (वापरलेली हवा बाहेर पडते तिथून) पांढुरकं, चिकट पाणी उडालं की समजा, ग्रीस निघालं.

कॉम्प्रेसरच्या हवेच्या टाकीचा खालचा ड्रेन कॉक रोज संध्याकाळी उघडा, नुसती हवा येईपर्यंत. फिल्टर-रेग्युलेटर (हवेतलं पाणी गाळणारा आणि दाब ठरवणारा भाग) कॉम्प्रेसरजवळ नको, पंपाच्या अगदी आधी लावा. त्याची पाणी साचणारी वाटी अर्धी भरण्याआधीच रिकामी करा. पंपाचा फाटा मुख्य पाइपच्या वरच्या बाजूनेच काढा, खालून काढला तर साचलेलं पाणी थेट पंपात जातं. दिवसभर काम असेल तर रेफ्रिजरेशन ड्रायर (हवा थंड करून पाणी काढणारं यंत्र) घ्याच.