हरिहर राहू द्या, रामशेजला जा

प्रश्न : ताई, आम्ही इंदिरानगरला राहतो. नोव्हेंबरातला एक रविवार सासू-सासरे, आम्ही दोघं, अकरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा असे सगळे मिळून किल्ल्यावर घालवायचा बेत आहे. ह्यांनी मोबाईलवर हरिहरचे व्हिडिओ पाहिलेत, त्यामुळे ते हरिहरच धरून बसलेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि मुलगा अर्ध्या तासात कंटाळतो. सगळ्यांना झेपेल असा कुठला किल्ला सुचवाल?

उत्तर : हरिहर या खेपेला नकोच. तो गड मला फार आवडतो, म्हणूनच सांगते. शेवटचा जिना उभ्या कातळात कोरलेला आहे, हात धरायला पायरीतच खोबण्या आहेत आणि एका वेळी एकच माणूस चढू शकतो. रविवारी वरचे उतरायला आणि खालचे चढायला एकाच वेळी येतात, मग सगळे त्या पायऱ्यांवरच अडकून बसतात. सहा वर्षांच्या मुलाला अशा ठिकाणी उभं करायचं नाही. ह्यांना मित्रांबरोबर आडवारी जाऊ द्या.

तुम्ही रामशेजला जा. पेठ रोडनं नाशिकपासून जेमतेम पंधरा किलोमीटर, दिंडोरी तालुक्यातल्या आशेवाडीच्या अगदी डोक्यावर हा गड आहे. स्वतःची गाडी नसली तरी पेठकडे जाणारी एसटी आशेवाडी फाट्यावर सोडते. गावापासून वर पायवाट आणि पायऱ्या आहेत. धडधाकट माणूस पाऊण-एक तासात माथ्यावर पोचतो. तुम्ही दीड तास धरा आणि कुणालाही घाई करू नका. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढं ठेवायचं, हा माझा शाळेच्या सहलींपासूनचा नियम आहे. मागे राहिलेलं माणूस धापा टाकत आपल्यापर्यंत येतं आणि आपण तेवढ्यात उठून निघतो, त्याला विसावा मिळतच नाही.

वाटेत कड्याच्या पोटात रामाचं देऊळ आहे. वनवासात रामानं इथं विश्रांती घेतली, त्याची शेज इथं होती, अशी श्रद्धा आहे आणि गडाचं नावही त्यावरूनच. सासूबाईंना इथपर्यंत आणा. सावली आहे, बसायला जागा आहे, दर्शन होतं. पुढं जायची त्यांना इच्छा झाली तर जातील, नाहीतर सासरे आणि त्या इथंच बसतील. त्यांच्याजवळ पाण्याची बाटली, चटई आणि एक चार्ज केलेला फोन ठेवून मगच तुम्ही वर चढा. उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो, तेव्हा काठी घरूनच घ्या.

आता मुलाच्या कंटाळ्याचं. मुलं किल्ल्यावर कंटाळतात, कारण आपण त्यांना भिंती दाखवतो आणि गोष्ट सांगत नाही. रामशेजची गोष्ट आदल्या रात्री सांगा, पण अर्धीच. १६८२ साली औरंगजेबाच्या सैन्यानं या गडाला वेढा घातला. मोठं सैन्य, मोठ्या तोफा. लहानसा गड दोन-चार दिवसांत पडेल अशीच त्यांची समजूत होती. शहाबुद्दीनखानानं तटाच्या उंचीला भिडायला लाकडाचा प्रचंड दमदमा, म्हणजे तोफा डागायचा उंच मनोरा, उभारला, तरी गड पडेना. संभाजीराजांनी रूपाजी भोसले आणि मानाजी मोरे यांना कुमक देऊन पाठवलं. इथं थांबा. बाकीची गोष्ट गडावर.

माथ्यावर पोचलात की मुलांना तटाकडेला बसवा (काठापासून दोन हात आत, हात धरून) आणि खाली दिसणाऱ्या शेतांकडे बोट करून सांगा, इथंच कुठंतरी मोगलांचे तंबू होते. खाफीखान हा मोगलांच्याच बाजूचा इतिहासकार. त्यानं लिहून ठेवलंय की गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हा मराठ्यांनी झाडांचे ओंडके पोखरले, त्यांवर चामडं चढवलं आणि त्या लाकडी तोफांतून मारा केला. शत्रूनं लिहिलेलं कौतुक आहे हे, म्हणून मला ते मोलाचं वाटतं. पुढं बहादूरखान आला. त्यानं एका बाजूला हल्ल्याचा मोठा गोंधळ घातला आणि दुसऱ्या बाजूनं निवडक माणसं दोरावरून गुपचूप वर चढवली. मराठ्यांना डाव कळला होता. ते त्या बाजूला दबा धरून बसलेलेच होते. तुमची मुलगी अकराची आहे, तिला विचारा : तू बहादूरखान असतीस तर कुठल्या बाजूनं चढली असतीस? तिला अख्ख्या माथ्याला फेरी मारू द्या आणि मग उत्तर द्यायला सांगा.

मुलासाठी दोन गोष्टी राखून ठेवा. एक म्हणजे पाण्याची टाकी. कातळ खोदून केलेली ही टाकी पावसानं भरतात. वर पाणी असल्याशिवाय इतकी वर्षं झुंजणं अशक्य होतं. टाकं खोदताना निघालेला दगडही वाया जात नसे, तो तटाला लागे. एकाच घावात दोन्ही कामं. टाक्याच्या कडा निसरड्या असतात, तिथं त्याचा हात सोडू नका. दुसरी गोष्ट म्हणजे चोरदरवाजा. पठारावरून चालताना समोर काहीच दिसत नाही आणि एकदम पायाशी जमिनीत चौकोनी खड्डा लागतो. कातळातल्या पायऱ्या खाली उतरतात, वरचं ऊन मागं राहतं, दगडाला हात लावला तर गार लागतो. बॅटरी घेऊन एक मोठं माणूस पुढं आणि पोरं मागं. कंटाळा कुठल्या कुठं जाईल.

मुलं विचारतील, मग पुढं काय झालं? खरं ते सांगा. १६८७ मध्ये मोगलांनी किल्लेदाराला पैसे चारून गड घेतला. हा शेवट बरेच पालक गाळतात. मला ते पटत नाही. अकरा वर्षांच्या मुलीला हे कळतं, आणि त्यावर ती जे प्रश्न विचारते ते ऐकण्यासारखे असतात.

सकाळी सातला घर सोडा. उन्हं चढायच्या आत माथा, अकरा-साडेअकराला परत देवळाशी आणि मग जेवण. वर खायला मिळेल हे धरून जाऊ नका. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकडी, गूळ आणि माणशी दोन लिटर पाणी. त्याच दिवशी आणखी एखादं ठिकाण उरकायचा मोह टाळा.

प्रश्न : आम्ही भिशीच्या पंधराजणी डिसेंबरात रामशेजला जाणार आहोत. गडावर चूल मांडून पिठलं-भाकरी करावी अशी सगळ्यांची हौस आहे. चालेल का?

उत्तर : नाही. डिसेंबरात गडावरचं गवत वाळून कडकडीत झालेलं असतं, एक ठिणगी उडाली की वणवा. कड्यांना आग्या मोहोळं असतात, धूर लागला की माश्या उठतात आणि मग पळायला जागा नसते. याच कारणानं तीव्र वासाचं अत्तरही लावून जाऊ नका. चुलीवरचंच खायचं असेल तर पायथ्याच्या गावात आधी जाऊन एखाद्या घरी विचारा, ठरलेले पैसे द्या आणि उतरल्यावर गरम गरम जेवा. त्या घरालाही चार पैसे मिळतील. वर फक्त चहाचा थर्मास न्या, आणि कागदी कप पिशवीत घालून खाली आणा.