कासवाचे डोळे सुजले आहेत : आधी ऊब, मग डॉक्टर, आणि नदी कधीच नाही

नमस्कार. तुम्ही जे लिहिले आहे त्यावरून मला समजले ते असे : मुलाच्या दहाव्या वाढदिवसाला माशांच्या दुकानातून आणलेली दोन हिरवी कासवे आठ महिने टीव्हीशेजारच्या गोल काचेच्या भांड्यात आहेत, खायला दुकानदाराने दिलेली वाळकी कोळंबी आहे, आणि त्यांतल्या एकाचे डोळे सुजून मिटले असून त्याने आठवडाभर तोंड उघडलेले नाही. त्याचे कवच अंगठ्याने दाबले की दबते. ही कासवे नदीत सोडून द्यावीत असे शेजारच्या काकूंचे म्हणणे आहे, तर ती कोणाला तरी देऊन टाका, मी ओळखीतून स्टार कासव आणून देतो, असे तुमचे दीर म्हणत आहेत. माझ्या घरी याच जातीची एक कासवीण, ढब्बी, सोळा वर्षांपासून आहे. तिच्या आधीचे एक मात्र मी तुमच्यासारख्याच भांड्यात, दुकानदाराच्या सल्ल्यावर भिस्त ठेवून, नऊ महिन्यांत घालवले. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आजच्या आज करायचे ते आधी सांगतो. आजारी कासव वेगळे काढा आणि प्लास्टिकच्या रुंद टबात, त्याची पाठ जेमतेम बुडेल एवढ्याच पाण्यात ठेवा, म्हणजे अशक्तपणा असला तरी श्वासासाठी मान वर काढताना त्याला धडपड करावी लागणार नाही. पाणी सुमारे २८ अंशांवर राहील असे पाहा. नाशिकच्या थंडीत भांड्यातले पाणी पहाटे किती उतरत असेल याची कल्पना थर्मामीटर बुडवल्याशिवाय येत नाही, आणि पाणी विशीच्या खाली गेले की या प्राण्याचे पचन फार मंदावते. अशा वेळी त्याला जबरदस्तीने भरवलेला घास पोटात कुजण्याची भीती असते. डोळ्यांत घरातले कोणतेही थेंब घालू नका आणि दुकानात मिळणारे अ जीवनसत्त्वाचे औषध अंदाजाने पाजू नका. सुजलेल्या डोळ्यांमागे बहुधा अ जीवनसत्त्वाची कमतरता आणि घाण पाणी ही कारणे असतात हे खरे, परंतु त्याच जीवनसत्त्वाचा डोस जास्त झाला तर कासवाची कातडी सोलून निघते. ते काम पक्षी, ससे, कासवे यांवर नेहमी उपचार करणाऱ्या पशुवैद्याचे आहे. डॉक्टरांचा अनुभव केवळ कुत्र्यामांजरांचा आहे की कासवांचाही, हे फोनवरच स्पष्ट विचारावे, त्यात संकोच करू नये. नेताना कासव पाण्यातून नेऊ नका. झाकणाला भोके पाडलेल्या डब्यात ओलसर सुती फडके घालून न्या.

आता हे झाले कशामुळे, ते पाहू. दुकानात मिळणारे हे कासव म्हणजे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले लाल कानाचे कासव. डोळ्यामागच्या तांबड्या पट्ट्यावरून त्याला रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात. आणताना ते दहा रुपयांच्या नाण्याहून थोडेसे मोठे असते, म्हणून ते तेवढेच राहील अशी आपली समजूत होते, आणि विकणारा ती खोडून काढत नाही. मादी २५ सेंटिमीटरपर्यंत, कधी त्याहूनही अधिक वाढते, आणि नीट सांभाळल्यास ही जात वीस ते चाळीस वर्षे जगते. तुमचा मुलगा आज दहा वर्षांचा आहे; हे कासव त्याच्या लग्नातही असू शकेल.

सरपटणाऱ्या प्राण्यांबद्दल एक गोष्ट लक्षात घेतली की बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात. आपण आपली ऊब अन्नातून तयार करतो, कासव ती बाहेरून घेते. त्यामुळे त्याच्या बाबतीत ऊन ही चैनीची वस्तू नसून जेवणाचाच अर्धा भाग आहे. निसर्गात हे कासव ओंडक्यावर चढून, पाय मागे ताणून, तासन्‌तास ऊन खात बसते. त्याने अंग तापते, कवच कोरडे होऊन बुरशी मरते, आणि उन्हातल्या अतिनील ब किरणांमुळे कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार होते. हे जीवनसत्त्व नसेल तर पोटात गेलेले कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि शरीर ते हाडांतून व कवचातून काढून घेऊ लागते. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाचे कवच थोडे लवचीक असतेच, पण आठ महिन्यांचे कवच दबते आहे याचा अर्थ ही झीज बरीच पुढे गेली आहे. म्हणून भांड्यात पांढरी कॅल्शियमची वडी टाकून उपयोग होत नाही.

इथे बहुतेक जण, आणि पूर्वी मीही, एक चूक करतो. भांडे खिडकीपाशी ठेवले म्हणजे ऊन मिळाले असे आपण धरून चालतो. खिडकीची काच प्रकाश आणि उष्णता आत सोडते, मात्र अतिनील ब किरण जवळजवळ पूर्ण अडवते. म्हणजे कासव उन्हात बसलेले दिसते आणि त्याची हाडे अंधारातच राहतात. उलट काचेची टाकी गच्चीत थेट उन्हात ठेवली तर पाणी अर्ध्या तासात कढत होऊन कासव मरू शकते. एका एप्रिलमध्ये मी आमच्या ढब्बीला सावलीविना टबात गच्चीवर ठेवून फोन घ्यायला खाली गेलो होतो. वर आलो तेव्हा ती तोंड उघडून टबाच्या कडेवर नखे घासत होती आणि कठड्यावर दोन कावळे येऊन बसले होते. तेव्हापासूनचा नियम असा : सकाळचे कोवळे ऊन, रुंद टब, अर्ध्या टबावर सावलीसाठी फळी, वर जाळी, आणि शेजारी माणूस. तुमच्या निरोगी कासवाला हे रोज वीस-तीस मिनिटे मिळाले तरी मोठा फरक पडेल; आजारी कासवाला डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे.

पावसाळ्याचे चार महिने हा मार्ग बंद होतो, म्हणून यूव्हीबी, म्हणजे अतिनील ब किरण देणारी, दिव्याची नळी घ्यावीच लागते. ती कासवाच्या बसण्याच्या जागेच्या वर, मध्ये काच किंवा प्लास्टिक न ठेवता लावायची आणि दिवसा दहा-बारा तास चालू ठेवायची. नळी उजेड देत राहते पण तिच्यातले अतिनील किरण हळूहळू कमी होतात, त्यामुळे वेष्टनावर दिलेल्या मुदतीप्रमाणे, साधारण सहा महिने ते वर्षभरात, ती बदलावी लागते. बसण्याच्या जागेवर साध्या बल्बची उष्णता मिळून ३० ते ३३ अंश आणि पाण्यात २४ ते २७ अंश, असा फरक ठेवला की कासव आपले आपण ठरवते कुठे जायचे ते. पाणी तापवणाऱ्या हीटरला प्लास्टिकची जाळी घाला. मोठे कासव काचेचा हीटर सहज फोडते.

गोल भांडे मात्र आजच निवृत्त करा. त्यात बसायला कोरडी जागा नसते आणि दोन दिवसांत त्यातले पाणी म्हणजे स्वतःच्याच मूत्राचा काढा होतो. कवचाच्या दर इंचामागे चाळीस लिटर पाणी असा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे चार इंचांच्या एका कासवाला दीडशे लिटरच्या आसपास. एवढी काचेची टाकी महाग पडते; मी पहिली सहा वर्षे बांधकामावर वापरतात तसल्या मोठ्या टबात काढली आणि कासवाची काही तक्रार नव्हती. फिल्टर माशांसाठी लिहिलेल्या क्षमतेच्या दुप्पट घ्यावा.

खाण्याबद्दल थोडक्यात. वाळकी कोळंबी हा खाऊ आहे, जेवण नाही. लहान वयात कासवांसाठी बनवलेल्या चांगल्या गोळ्या, रोज त्याच्या डोक्याएवढ्या मापाच्या, आणि सोबत किसलेले गाजर, लाल भोपळा, कोथिंबीर. मोठेपणी पालेभाजीचे प्रमाण वाढवून गोळ्या एक दिवसाआड. पालक क्वचितच द्यावा, कारण त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवते. बाजारातली सुकट खारट असते, ती नको. आयुर्वेदिक औषधांच्या जुन्या दुकानात समुद्रफेस, म्हणजे माकुळाचे कॅल्शियमयुक्त पांढरे हाड, मिळतो, त्याचा मागचा कडक पापुद्रा काढून तुकडा पाण्यात सोडला तर कासव तो हवा तेवढा कुरतडत राहते. परदेशी पाकिटात हीच वस्तू चौपट भावाने मिळते.

तुमच्या घरी सासूबाई आणि दोन वर्षांची पुतणीही आहे, म्हणून एक ताकीद देतो. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही जुलाब आणि ताप आणणारे साल्मोनेला जंतू असू शकतात. याच कारणासाठी अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवे विकण्यास १९७५ पासून बंदी आहे. कासवाला किंवा त्याच्या पाण्याला हात लावल्यावर साबणाने हात धुणे, त्याची भांडी ओट्यावरच्या सिंकमध्ये न धुणे, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती ते न देणे, हे कटाक्षाने पाळा.

आता काकूंचा सल्ला. त्यांचा हेतू चांगला आहे, पण नदीत सोडणे ही दया ठरत नाही. आजारी कासव तिथे मरेल. निरोगी कासव जगले तर अधिक वाईट, कारण ही जात जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत आहे आणि ती ऊन खाण्याच्या जागा व अन्न यांसाठी स्थानिक कासवांना मागे रेटते. युरोपीय संघाने तिची आयात १९९७ सालीच थांबवली. केरळात त्रिशूरजवळच्या कालव्यात २०१८ साली असे सोडलेले कासव सापडले, आणि पुढे तिथल्या वनसंशोधन संस्थेला अशी कासवे गोळा करण्याची मोहीम काढावी लागली. देवळाच्या तळ्यात सोडणे हाही त्यावरचा उपाय नाही. सांभाळणे अशक्यच झाले तर प्राणी बचाव केंद्राकडे चौकशी करा. जागा मिळेलच असे नाही, कारण बऱ्याच केंद्रांत अशी नकोशी कासवे आधीच भरलेली असतात.

दिरांना मात्र सरळ नाही म्हणा. स्टार कासव हा भारतीय वन्य प्राणी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे तो पकडणे, विकणे, विकत घेणे आणि घरात ठेवणे हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. २०१९ साली त्याला आंतरराष्ट्रीय व्यापाराविरुद्धचे सर्वांत कडक संरक्षण, म्हणजे सायटीस कराराचे पहिले परिशिष्ट, मिळाले. ‘ओळखीतून’ येणारे प्रत्येक स्टार कासव म्हणजे रानातून पोत्यात भरून आणलेले कासव, असेच समजा. घरात कासव असले की लक्ष्मी येते म्हणणाऱ्यांना मी पितळेचे कासव सुचवतो. देवळातले दगडी कासवही सभामंडपासमोर शतकानुशतके बिनतक्रार बसले आहे. इग्वाना सरडा किंवा बॉल पायथन अजगर यांसारखे परदेशी प्राणी कोणी सुचवले, तर त्यांनाही याच कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी लागते. त्यासाठीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले असून अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर होतो.

मुलासाठी सरपटणारा प्राणी योग्य आहे का, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. माझे मत असे की मुलाने मागावा आणि आईवडिलांनी पाळावा, असाच हा प्राणी आहे; तो कुशीत येत नाही, हाक मारल्यावर वळत नाही, आणि आजारी पडला तरी महिनोन्‌महिने चेहऱ्यावर दाखवत नाही. आमची ढब्बी मादी आहे हे आम्हाला आठव्या वर्षी कळले, जेव्हा तिने अस्वस्थ होऊन दोन दिवस खाणे सोडले आणि मग पाण्यातच पाच पांढरी अंडी घातली. नर नसतानाही मादी अंडी घालते आणि ओल्या वाळूची जागा न मिळाल्यास ती पोटात अडकून जिवावर बेतू शकते, हे तोवर आम्हाला ठाऊक नव्हते. तुमच्या दोन्ही कासवांच्या पुढच्या पायांची नखे दोन-तीन वर्षांत पाहा : लांबलचक असतील तर नर. तोवर आजारी कासव बरे झाले तरी दोघांना वेगळेच ठेवा, कारण बलवान कासव दुबळ्याला उन्हाच्या जागेवर चढूच देत नाही.

मुलाला यात ओढायचेच असेल तर त्याला एक वही द्या. रोज सकाळी पाण्याचे आणि बसण्याच्या जागेचे तापमान, आठवड्यातून एकदा वजन, काय दिले व काय खाल्ले, एवढेच त्याने लिहावे. माझ्याकडच्या अशा वहीतल्या तीन आठवड्यांच्या घटत्या वजनावरून डॉक्टरांनी एकदा छातीचा संसर्ग इतर लक्षणे दिसण्याआधीच ओळखला होता. त्याच्या वहीत पहिली नोंद आज रात्रीच्या पाण्याची असू द्या, आणि ती वही उद्या डॉक्टरांकडे सोबत न्या.