जुन्या गाडीच्या हेडलाईटला कुठला बल्ब घालू, हॅलोजन की एलईडी? मेकॅनिक 100 वॅटचे घाल म्हणतोय

आधी मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचा मीटर) घ्या, बल्बचं नंतर बघू. हे ‘100 वॅटचे घालून टाक’ वाचलं आणि राहवलं नाही, कारण माझा मोठा भाऊ वर्षानुवर्षं हेच म्हणत आलाय.

वडिलांची जुनी गाडी आमच्याकडे आहे, वायरिंग मूळचं, कापडी आवरणाचं. दादाचं गणित एकच, जास्त वॅट म्हणजे जास्त उजेड. मी नको नको म्हणत असताना त्याने 100/90 चे (हाय बीम 100 वॅट, लो बीम 90) बसवले, थोडे दिवस खूश होता, मग एका रात्री डिपर मारला आणि दोन्ही लाईट गुल. काढून बघितलं तर होल्डर टर्मिनलभोवती तपकिरी होऊन वितळलेला आणि स्विचला बोट लावता येईना इतका तापलेला. तरी दादा म्हणे बल्ब डुप्लिकेट होते!

मग साधे बल्ब परत घालून, लाईट चालू ठेवून मी मीटर लावला. बॅटरीवर 12.3 व्होल्ट, बल्बच्या पिनांवर 10.5. मधले पावणेदोन-दोन व्होल्ट जुनी वायर, स्विच आणि गंजलेलं अर्थिंग खात होतं. व्होल्टेज 10 टक्के पडलं की उजेड जवळपास 30 टक्के पडतो, म्हणजे आमचा 40 टक्के उजेड वाटेतच जात होता. त्यात मोठा बल्ब घातला की करंट वाढतो, करंट वाढला की ड्रॉप अजून वाढतो, हे दादाला आजही पटत नाही. दोन रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच), बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर, प्रत्येक दिव्याला स्वतंत्र अर्थ, एवढंच केलं आणि त्याच बल्बांवर रस्ता लख्ख दिसायला लागला. मूळची एकही वायर कापली नाही, जुना स्विच आता फक्त रिले ओढतो.

तर बल्ब: हॅलोजन 60/55, त्याच्या वर नाही. जुन्या पद्धतीचा पी45टी बेस (बल्बची बसायची चकती) असेल तर त्याच बेसमधे हॅलोजन मिळतो. एलईडी नकोच, रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी बनवलेला असतो, उजेडाची जागा जराशी हलली की लो बीम समोरच्याच्या डोळ्यात जातो.

हां, रिफ्लेक्टर काळा पडला असेल तर मात्र वरचं सगळं करूनही उपयोग नाही, नवीन घ्या नाहीतर पुन्हा मुलामा चढवून घ्या, फडक्याने घासू नका, चकाकी निघून जाते. आणि डायनॅमोवाली (अल्टरनेटरच्या आधीचा जुना जनरेटर असलेली) गाडी असेल तर हिशोब आधी करा. लुकास कंपनीचा सी40/1 डायनॅमो जास्तीत जास्त 22 अँपियर देतो, तोही इंजिन फिरत असताना, आयडलला जवळपास काहीच नाही. 100 वॅटचे दोन बल्बच 17 अँपियर खातात, मग इग्निशन, वायपर आणि बॅटरी चार्जिंगला काय उरलं ते मेकॅनिकला विचारा.