सॉपविथ कॅमल हे विमान उजवीकडे इतकं झटकन का वळायचं?

कारण त्याचं इंजिन. १९१७ साली आलेल्या या ब्रिटिश दुपंखी लढाऊ विमानात रोटरी इंजिन होतं, म्हणजे पंख्यासोबत अख्खं इंजिनच गरगर फिरायचं! एवढं वजन भोवऱ्यासारखं फिरत असल्यामुळे उजवीकडे वळताना नाक खाली जायचं, डावीकडे वळताना वर उचललं जायचं. त्यात इंजिन, वैमानिक, टाकी, बंदुका सगळं पुढच्या जेमतेम सात फुटांत कोंबलेलं. म्हणून वळण चपळ, पण नवशिक्याची जरा चूक झाली की विमान गिरक्या घेत खाली. शिकतानाच कितीतरी जण गेले.

नाव मात्र साधं: दोन व्हिकर्स मशीनगनवरच्या पत्र्याला उंटासारखी मदार होती. आणि वंगण म्हणून चक्क एरंडेल! त्याचे फवारे वैमानिकाच्या तोंडावर.